‘द किलिंग जोक’: ४६ पानांच्या कॉमिकला अर्धा तास जोडला तेव्हा

दिवाळीच्या सुट्टीत मावसभाऊ घरी आला होता, बारावीचा पोरगा, बॅटमॅनचे सगळे मोठे पिच्चर बघून झालेले पण कॉमिक एकही हातात धरलेलं नाही, म्हणून मी त्याला हौसेने ‘बॅटमॅन: द किलिंग जोक’ हा २०१६ चा अॅनिमेशनपट दाखवायला बसवलं. मांडीवर कॉमिक उघडून ठेवलं होतं कारण मला पान आणि पडदा दोन्ही शेजारी ठेवून बघायचे होते. वीस-पंचवीस मिनिटं गेली, पडद्यावर बॅटगर्ल, एक माजलेला गुंड, गच्चीवरची भांडणं असं काय काय चाललेलं, आणि तो माझ्याकडे वळून म्हणाला, “ताई, हा जोकरचा पिच्चर आहे ना? मग जोकर कुठंय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझं कॉमिक तेव्हा अजून पहिल्याच पानावर होतं, कारण कॉमिकमधली एक चौकटसुद्धा पडद्यावर आली नव्हती.

त्या प्रश्नापासून हे प्रकरण माझ्या डोक्यात बसलंय. एका बाजूला जोकरवरचं सगळ्यात गाजलेलं कॉमिक, दुसऱ्या बाजूला वीसेक वर्षं त्याच कामात मुरलेली माणसं, आणि तरी पिच्चर मधोमध दुभंगलेला. नक्की कुठे हुकलं ते नीट बघायचं म्हणून हे लिहितेय. ज्यांनी पाहिला नाहीये त्यांनी हे आधी लक्षात घ्या की पुढे शेवटासकट सगळं सांगितलंय.

आधी कॉमिकबद्दल. १९८८ मध्ये डीसी या अमेरिकी कॉमिक्स कंपनीने काढलं, लेखक अॅलन मूर, चित्रं ब्रायन बोलंडची, पहिल्या आवृत्तीतले रंग जॉन हिगिन्सचे. गोष्ट जेमतेम ४६ पानांची, चहा गार व्हायच्या आत वाचून होते. जोकर अर्कहॅम या वेड्यांच्या इस्पितळातून पळतो, पोलीस कमिशनर गॉर्डनच्या घराची बेल वाजवतो, दार उघडणाऱ्या त्यांच्या मुलीला म्हणजे बार्बराला (बॅटगर्ल ती हीच) गोळी घालतो, तिचे फोटो काढतो, आणि मग गॉर्डनला एका बंद पडलेल्या जत्रेत नेऊन तेच फोटो दाखवत वेडं करायचा प्रयत्न करतो. त्याला फक्त एक गोष्ट सिद्ध करायची असते, की एक वाईट दिवस पुरतो, कुठलाही शहाणा माणूस त्याच्यासारखा होऊ शकतो. मधेमधे त्याचा स्वतःचा भूतकाळ येतो, न चालणारा विनोदी नट, गरोदर बायको, पैशाची चणचण, आणि तो भूतकाळ खरा की खोटा हे त्याचं त्यालाच सांगता येत नाही.

पण हे कॉमिक मोठं झालं ते गोष्टीमुळे कमी आणि मांडणीमुळे जास्त. पहिली चौकट काय, तर डबक्यात पडणारे पावसाचे थेंब आणि पाण्यावर उठणारी वलयं. शेवटची चौकट तीच. सुरुवातीची पानं जवळजवळ निःशब्द आहेत, बॅटमॅन गाडीतून उतरतो, पावसात आत जातो, कोठडीत बसतो, समोर अंधारात कोणीतरी पत्ते लावत बसलंय, आणि बॅटमॅन त्याला म्हणतो की मी बोलायला आलोय, हे असंच चाललं तर आपल्यापैकी एक जण दुसऱ्याला मारणार, ते व्हायच्या आधी एकदा तरी बोलून बघू. समोरचा गप्पच. बॅटमॅन त्याचा हात धरतो तर हातमोज्याला पांढरा रंग लागतो. तो जोकर नाहीच, रंग फासलेला दुसराच कोणी आहे. ज्याला वाचवायला आला तो केव्हाच बाहेर पडलाय. एवढं सगळं चार-पाच पानांत, आणि इथे लक्षात ठेवायची गोष्ट ही की बॅटमॅन गोष्टीत शिरतो तो मारायला नाही, बोलायला.

आता भूतकाळात जायची जी पद्धत आहे ना, ती बघा. या चौकटीत जोकर ज्या पवित्र्यात उभा, हात जसा पुढे केलेला, पुढच्या चौकटीत अगदी तसाच तो जुना नट, फक्त जागा आणि काळ बदललाय. पानावर दोन्ही चौकटी एकाच वेळी डोळ्यासमोर असतात, त्यामुळे डोळा मागेपुढे फिरतो आणि दोन माणसं एकावर एक बसतात. २००८ मध्ये बोलंडने स्वतः हे पुस्तक परत रंगवलं, हिगिन्सचे भडक पिवळे-जांभळे काढले, भूतकाळ जवळजवळ काळा-पांढरा केला आणि त्यात एखादीच वस्तू लाल ठेवली. बारमधल्या प्रसंगात टेबलावरच्या बशीतली कोळंबी तेवढी लाल दिसते, आणि पानं उलटत जाल तसा तो लाल पुढे कुठे जाणार आहे हे हळूहळू उमगतं. हे वाचताना माझ्या अंगावर दरवेळी काटा येतो.

अशा पुस्तकाचा पिच्चर व्हावा ही मागणी जुनीच. १९९२ च्या टीव्ही मालिकेपासून बॅटमॅनचा आवाज केविन कॉन्रॉयचा आणि जोकरचा मार्क हॅमिलचा. आपल्याकडेही कार्टून नेटवर्कच्या पिढीला तेच आवाज पाठ आहेत. हॅमिलने २०११ च्या सुमारास जाहीरच सांगितलं होतं की जोकरचं काम आता थांबवतोय, पण ‘किलिंग जोक’ झाला तर परत येईन. मग काय, चाहत्यांनी लावून धरलं. २०१५ मध्ये सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉन या चाहत्यांच्या मेळ्यात ब्रूस टिमने, म्हणजे १९९२ च्या त्या मालिकेच्या एका कर्त्याने आणि या पिच्चरच्या निर्मात्याने, घोषणा केली, दिग्दर्शन सॅम लिऊ, पटकथा ब्रायन अझारेलो, जो स्वतः कॉमिक्सचाच नावाजलेला लेखक. बार्बराचा आवाज तारा स्ट्राँगचा, गॉर्डनचा रे वाइझचा. म्हणजे कागदावर बघितलं तर याहून चांगली टीम जमवता आली नसती, हे मी मनापासून म्हणतेय.

अडचण होती पानांची. डीसीच्या थेट डिस्कवर येणाऱ्या अॅनिमेशनपटांच्या या मालिकेतले पिच्चर साधारण ७५ मिनिटांचे असतात, आणि ४६ पानं जशीच्या तशी पडद्यावर आणली तर फार तर पाऊण तास भरतो. डिस्क म्हणून विकायचं तर पूर्ण लांबी हवी. शिवाय टिमचं म्हणणं असं होतं, आणि ते चूक नव्हतं, की कॉमिकमध्ये बार्बरा दार उघडते, गोळी खाते आणि संपते, तिला माणूस म्हणून जागाच नाही, तर आपण आधी तिच्यासोबत वेळ घालवू म्हणजे ती गोळी प्रेक्षकाला लागेल. दोन्ही प्रश्नांवर एकच उत्तर काढलं गेलं, सुरुवातीला नवीन अर्धा तास. ७६ मिनिटांच्या पिच्चरमधली पहिली अठ्ठावीसेक मिनिटं पूर्ण नवीन आहेत.

त्यात घडतं काय? बार्बरा स्वतःच निवेदनात सांगते की ही गोष्ट अशी सुरू होईल असं तुम्हाला वाटलं नसेल. पॅरिस फ्रांझ नावाचा एक तरुण गुंड तिच्या मागे लागतो, तिच्यासाठी मुद्दाम खुणा सोडत जातो. बॅटमॅन तिला सांगतो या केसमधून बाहेर हो, तुला त्या दरीच्या काठाची कल्पना नाही. ती चिडते, गच्चीवर दोघांची मारामारी होते आणि त्या मारामारीतून थेट शरीरसंबंध. मग तो फोन टाळतो, ती ग्रंथालयातल्या सहकाऱ्यापाशी मन मोकळं करते, शेवटी त्या फ्रांझला मरायला टेकेपर्यंत बडवते, आपणही त्या काठावर उभे आहोत हे तिला कळतं, आणि ती बॅटगर्लचं काम सोडून देते. इथे हा भाग संपतो आणि पाऊस, अर्कहॅम, कॉमिकचं पहिलं पान.

खरं सांगायचं तर त्या दरीच्या कल्पनेत धागा होता, एक वाईट दिवस माणसाला कुठे नेतो याचंच ते दुसरं रूप. पण धागा असणं आणि तो ओवला जाणं यात फरक आहे. आपल्याकडे कीर्तन ज्यांनी ऐकलंय त्यांना हे चटकन कळेल. बुवा पूर्वरंगात एक अभंग घेतात, त्यावर निरूपण करतात, मग उत्तररंगात आख्यान लावतात, आणि आख्यान रंगात आलं की पूर्वरंगातलंच वाक्य असं काही परत येतं की बसलेला माणूस हलतो. पूर्वरंग वेळ काढायला नसतो, पुढच्या आख्यानाचं वजन पेलायला असतो. इथे काय झालंय, पूर्वरंगात एक विषय आणि उत्तररंगात दुसराच. फ्रांझ दुसऱ्या भागात नाही. प्रेमप्रकरण दुसऱ्या भागात नाही. बार्बराने काम सोडलं त्याचाही पुढे काही परिणाम नाही, कारण जोकर तिच्या दारात येतो तो ती गॉर्डनची मुलगी म्हणून, ती बॅटगर्ल होती हे त्याच्या गावीही नाही. अठ्ठावीस मिनिटं कापून टाका, उरलेल्यातलं एक वाक्यही बदलावं लागत नाही. मी हे करून बघितलंय. मावसभावाला दुसऱ्या दिवशी परत बसवलं आणि तिथूनच सुरू केला, त्याला कुठेही काही सुटल्यासारखं वाटलं नाही.

पण फक्त सैल झालं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. त्या जोडलेल्या भागाने मागून येणाऱ्या कॉमिकचंच नुकसान केलं, आणि तेही बॅटमॅनच्या बाजूने, ज्याबद्दल कमी बोललं जातं. कॉमिकमधला बॅटमॅन शेवटी, बार्बराला गोळी घालून झाल्यावर, गॉर्डनचा छळ करून झाल्यावरसुद्धा जोकरसमोर उभा राहून म्हणतो की अजून वेळ गेलेली नाही, मी मदत करतो, तुला एकट्याने हे भोगायची गरज नाही. हे वाक्य पेलवतं कारण तो पहिल्या पानापासून तेच म्हणायला आलाय, आणि ज्याच्यावर खरा वाईट दिवस आला तो गॉर्डनसुद्धा त्याला बजावतो की जोकरला कायद्याने पकड, आपली पद्धत चालते हे त्याला दाखव. आता बार्बरा ही त्याची प्रेयसी आहे असं एकदा दाखवलं की बघणाऱ्याच्या मनात सूडाचा हिशोब सुरू होतो. तो तिच्या दवाखान्यातल्या खाटेशेजारी उभा राहतो तेव्हा आपण तो हिशोब शोधतो आणि चेहऱ्यावर काहीच नाही, कारण तो प्रसंग १९८८ च्या कॉमिकमधून जसाच्या तसा उचललाय आणि तिथे असं नातंच नव्हतं. म्हणजे प्रियकर म्हणून बघावं तर तो दगड वाटतो आणि प्रियकर म्हणून बघू नये तर आधीचा अर्धा तास कशाला दाखवला? दोन्हीकडून घाटाच. टिमला ही जोडी आधीपासून सुचत होती, ‘बॅटमॅन बियाँड’ मालिकेत म्हाताऱ्या ब्रूस (म्हणजे बॅटमॅन) आणि बार्बराच्या बोलण्यात त्याचे इशारे आहेत, पण इशारा वेगळा आणि या गोष्टीच्या आधी तो प्रसंग उभा करणं वेगळं.

बार्बराच्या बाजूने तर जास्तच वाईट वाटतं. तिला जागा द्यायची म्हणून सुरू केलं आणि दिलेल्या जागेत ती आधी एका गुंडाच्या नजरेत, मग गुरूच्या नजरेत, मग त्याच्या फोनची वाट बघत. हे कॉमिक याच कारणासाठी आधीच बदनाम होतं. १९९९ मध्ये गेल सिमोनने, जी पुढे स्वतः कॉमिक्स लेखिका झाली, कॉमिक्समधल्या अशा बायकांची यादी केली होती ज्यांना फक्त नायकाला किंवा दुसऱ्या कोणाला दुःख व्हावं म्हणून मारलं, मोडलं जातं, आणि त्या चर्चेत बार्बराचं नाव कायम पहिल्या काहींत येतं. मूर स्वतः नंतर म्हणाला की तिथे संपादकांनी मला आवरायला हवं होतं. म्हणजे जखम कुठे आहे हे पिच्चर करणाऱ्यांना माहीत होतं, टिमच्या बोलण्यातून ते दिसतंच, आणि त्यांनी औषध म्हणून जे लावलं त्याने जखम वाढली. वर दुसऱ्या भागात एक नवीन संवाद घातलाय, वेश्यावस्तीतल्या बायका बॅटमॅनला सांगतात की जोकर सुटला की आधी आमच्याकडे येतो, यावेळी आला नाही. त्यातून बार्बराबद्दल जे सुचवलं जातं ते कॉमिकने उघड बोललेलं नव्हतं. हा संवाद कोणाला का हवा होता हे मला आजही समजत नाही.

२२ जुलै २०१६ ला कॉमिक-कॉनमध्ये पहिला खेळ झाला आणि तिथूनच गच्चीवरच्या त्या प्रसंगावर वाद पेटला. २५ जुलैला अमेरिकेतल्या थिएटरांत खास खेळ लागले, मग एक दिवस वाढवला. बॅटमॅनचा हा पहिलाच आर रेटिंगवाला, म्हणजे मोठ्यांसाठीचा, अॅनिमेशनपट. तिकिटांतून साधारण ४४ लाख डॉलर आले आणि बनवायला लागले होते ३५ लाखांच्या आसपास, म्हणजे पैशाच्या बाजूने तो पडला असं कोणी म्हणू शकत नाही. लोक त्या दोन आवाजांसाठी गेले, मीही तिथे असते तर पहिल्या रांगेत असते.

आणि आवाज खरंच सोनं आहेत. भुताच्या गाडीत गॉर्डनला बसवून जोकर गाणं म्हणतो, कॉमिकमध्ये ते नुसते शब्द, चाल वाचणाऱ्याने मनात लावायची, इथे हॅमिल ते पूर्ण नाचगाण्यासकट म्हणतो आणि मला ते आवडलं, कारण इथे पिच्चरने पानावर नसलेलं काहीतरी स्वतःच्या ताकदीवर दिलं. कॉन्रॉयचा बॅटमॅन सहसा हसत नाही आणि शेवटी जोकरच्या विनोदावर त्याला हसायचं आहे, ते हसू ऐका, खूप आतून कुठूनतरी येतं. २०२२ मध्ये कॉन्रॉय गेला, तेव्हापासून मला तो शेवट ऐकवत नाही नीट.

चित्रांच्या बाबतीत मात्र पान जिंकतं आणि यात अॅनिमेटरांना बोल लावण्यात अर्थ नाही. बोलंडची रेघ बारीक, केसन् केस, कापडाची चुणी, दातांची फट. कॉमिकमध्ये एक चौकट एकदा काढायची असते. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेमना वापरलं तरी सेकंदाला १२, म्हणजे ७६ मिनिटांना हिशोबाने पन्नास हजारांवर चित्रं, जुनी परत वापरून ती बरीच कमी करतात ते ठीके, पण प्रत्येक जास्तीची रेघ हजारो वेळा काढावी लागते. ३५ लाख डॉलरमध्ये बोलंड हलवता येत नाही. तुलनेला २०१८ चा ‘स्पायडर-मॅन: इंटू द स्पायडर-व्हर्स’ घ्या, छापील कॉमिकचे ठिपके आणि रेघा हलत्या चित्रात आणायला तिथे सुमारे ९ कोटी डॉलर ओतले आणि नवीन तंत्रं बसवली. म्हणून इथे चेहरे सपाट झाले, पाऊस पाऊस राहिला नाही, आणि ती एका पवित्र्यातून दुसऱ्या काळात जायची जादू विरली, कारण पडद्यावर आधीचं चित्र गेलेलं असतं, दोन्ही एकत्र दिसत नाहीत.

म्हणजे जोडायचंच नव्हतं का? तसं अजिबात नाही. सहा वर्षं आधी याच घरातून ‘बॅटमॅन: अंडर द रेड हूड’ आला होता, तोही ७५ मिनिटांचाच, कॉमिक आणि पटकथा दोन्ही जड विनिक या लेखकाची. त्याच्या सुरुवातीलाही मूळ कॉमिकच्या त्या कथेबाहेरचा एक प्रसंग घेतलाय, जोकर बॅटमॅनच्या पोरसवदा साथीदाराला, रॉबिनला, पहारीने मारतोय आणि बॅटमॅन मोटारसायकलवरून पोचायचा प्रयत्न करतोय. काही मिनिटांचाच आहे. पण पुढचा सगळा पिच्चर त्या उशिरावर उभा राहतो, आणि शेवटी तोच रॉबिन समोर येऊन विचारतो की तू जोकरला अजून जिवंत का ठेवलंस, तेव्हा आपल्याला ती पहार आठवते. याला म्हणतात पूर्वरंग. लांबीचा प्रश्नही सुटणारा होता, डीसीने २०१०-११ मध्ये शोकेस नावाने लहान फिल्म काढल्याच होत्या, मोठ्या पिच्चरच्या डिस्कवर त्या जोडून यायच्या, आणि त्याच्या उलट ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ मोठं पडलं तर २०१२ आणि २०१३ मध्ये दोन भाग केले. मग पाऊण तासाचा ‘किलिंग जोक’ आणि त्याला जोडून बार्बराची अर्ध्या तासाची वेगळी गोष्ट, असं करायला काय हरकत होती? आणि ती गोष्ट नवीन लिहायचीही गरज नव्हती, तयार होती.

श्रेयनामावली सुरू झाली की मधेच एक छोटासा तुकडा येतो. बार्बरा व्हीलचेअरवरून एका खोलीत जाते, समोर स्क्रीन लागतात, ती कामाला लागते. ओरॅकल, हे तिचं नवं नाव. जॉन ऑस्ट्रँडर आणि किम येल या नवराबायकोने १९८९ मध्ये ‘सुइसाइड स्क्वाड’मध्ये तिला या रूपात आणलं कारण तिचं असं संपणं त्यांना पटलं नव्हतं, आणि १९९६ मध्ये त्यांनीच ब्रायन स्टेलफ्रीझच्या चित्रांसोबत तिची मधली गोष्ट लिहिली, दवाखाना, राग, परत हात चालवायला शिकणं, एस्क्रिमा या फिलिपिनो युद्धकलेच्या काठ्या, मग कॉम्प्युटर. मावसभावाला हा तुकडा बघून उत्सुकता वाटली, म्हणून ते कॉमिक काढून त्याच्या हातात दिलं. त्यात एक जागा आहे जिथे तो थांबला आणि त्याने मला पान वळवून दाखवलं. बार्बराला कळलेलं असतं की त्या रात्री पोलीस पोचले तेव्हा बॅटमॅन जोकरसोबत पावसात उभा राहून हसत होता, आणि बॅटमॅन भेटायला येतो तेव्हा ती त्याला तेच विचारते.